10 वर्षे वाहणारा उजवा कान: ऐरण झिजली, मॅस्टॉइड वाढलेच नाही

लहानपणी कान वाहत राहिला तर कानातली हाडे नीट वाढत नाहीत का, असे पालक हमखास विचारतात. याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. मध्यकर्णातली हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन इवली हाडे जन्मालाच जवळजवळ मोठ्या माणसाएवढी असतात. संसर्ग त्यांची वाढ रोखत नाही, तो तयार हाड झिजवतो. कानामागचे मॅस्टॉइड हाड मात्र जन्मानंतर घडते आणि त्याची वाढ संसर्गामुळे खरोखरच खुंटू शकते. एकाच कानात ही दोन्ही नुकसाने कशी होतात, कशी ओळखायची आणि त्यांतले काय दुरुस्त होते, हे दाखवण्यासाठी पुढचे प्रकरण मांडले आहे.

यातली मुलगी कुणी एक विशिष्ट मुलगी नाही. ग्रामीण भागातल्या कान-नाक-घसा ओपीडीत ज्या तऱ्हेची मुले वारंवार येतात त्यांच्यावरून हे प्रातिनिधिक प्रकरण बांधले आहे. आकडे अशा कानांत सापडतात त्या प्रमाणातले ठेवले आहेत.

तक्रार आणि मागचा इतिहास

मुलगी 11 वर्षांची, सहावीत. उजवा कान अधूनमधून वाहतो, सर्दी झाली किंवा डोक्यावरून अंघोळ केली की जास्त. स्राव चिकट, पिवळसर, भरपूर, पण घाण वास नाही. चक्कर नाही, तोंड वाकडे होणे नाही. डावा कान कधीच वाहिला नाही. शाळेतल्या आरोग्य तपासणीत पथकाने कान पाहून चिठ्ठी दिली म्हणून ती आली. (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत कानाचा संसर्ग आणि श्रवणदोष दोन्ही आहेत. हा कार्यक्रम 2013 मध्ये पालघरहून सुरू झाला. अशी बरीच मुले त्या चिठ्ठीमुळेच पहिल्यांदा तज्ज्ञापर्यंत पोहोचतात.)

आईकडून खोदून विचारल्यावर क्रम असा लागला. दहाव्या महिन्यात सर्दी-तापानंतर बाळ रात्रभर रडले, सकाळी उशीवर पू दिसला आणि बाळ शांत झाले. औषध दोन दिवसांत बंद केले. त्यानंतर तीन वर्षांत पाच-सहा वेळा तेच. प्रत्येक वेळी कानात कोमट तेल, कधी लसूण कढवलेले. तोंड उघडे ठेवून झोपणे, घोरणे. चौथ्या-पाचव्या वर्षी अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या की हाक मारली तरी लक्ष देत नाही, ते हट्टीपणावर गेले. सहाव्या वर्षापासून कान महिन्या-दोन महिन्यांनी वाहतो. आणि घरोघरी ऐकू येणारे ते वाक्य: मोठी झाली की आपोआप थांबेल.

त्या वाक्यात थोडे तथ्य आहे, म्हणूनच ते घातक ठरते. नाकामागून मध्यकर्णात हवा नेणारी युस्टेशियन नलिका तान्ह्या बाळात साधारण 18 मिलिमीटर लांब आणि जवळजवळ आडवी, सुमारे 10 अंशांच्या कोनात असते. मोठ्या माणसात ती साधारण 36 मिलिमीटर लांब असून 45 अंशांत उतरते. सातव्या वर्षाच्या आसपास नलिका बरीचशी सुधारते आणि नव्याने कान फुटण्याचे प्रमाण खरेच घटते. पण तोवर पडद्याला कायमचे भोक पडले असेल, हाड झिजले असेल, तर वय वाढल्याने त्यातले काहीही भरून येत नाही.

कानात काय दिसले

आधी स्राव शोषून घेतला, मगच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. ओल्या कानात पडद्याविषयी काही ठरवू नये. पडद्याच्या ताणलेल्या भागात, मागच्या आणि खालच्या बाजूला मध्यवर्ती (म्हणजे पडद्याच्या कडेला न भिडलेले) छिद्र, पडद्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढे. पुढच्या भागात खडूसारखा पांढरा ठिपका, म्हणजे जुन्या जखमांवर बसलेला चुना. हातोडीचा दांडा जागेवर. वरचा सैल भाग स्वच्छ, तिथे खोबण नाही, पांढरी सालपटे नाहीत. ही शेवटची नोंद सर्वांत आधी घ्यायची असते, कारण तिथे सालपटे असती तर कोलेस्टिटोमाचा (मध्यकर्णात साचत जाणाऱ्या, हाड खाणाऱ्या त्वचेच्या गाठीचा) संशय आला असता आणि पुढचा सगळा विचार बदलला असता.

मागच्या बाजूने छिद्रातून तिरके पाहिले तेव्हा रिकिबीचे डोके उघडे दिसले. त्यावर ऐरणीचा लांब दांडा येऊन टेकायला हवा होता. तो तिथे नव्हता.

512 हर्ट्झच्या नादकाट्याने उजवीकडे रिने चाचणी निगेटिव्ह आली (हवेतून येणाऱ्या आवाजापेक्षा हाडातून येणारा जास्त ऐकू आला), वेबर चाचणीत कपाळावर टेकवलेल्या नादकाट्याचा आवाज उजव्या कानाकडे गेला. म्हणजे अंतःकर्ण ठीक, अडथळा वाटेत आहे.

ऑडिओग्राम कसा वाचावा

या प्रकरणातला सर्वांत उपयोगी कागद हाच श्रवणचाचणीचा आलेख, आणि घाईत वाचला जाणाराही हाच. उजव्या कानाचे हवेतून ऐकण्याचे उंबरठे (जेमतेम ऐकू येणारा सर्वांत हळू आवाज) 500, 1000, 2000 आणि 4000 हर्ट्झला अनुक्रमे 50, 45, 40 आणि 50 डेसिबल. हाडातून ऐकण्याचे 5, 5, 10 आणि 5, दुसऱ्या कानाला मास्किंग (त्याला गुंतवून ठेवणारा आवाज) देऊन. या दोन्हींतला सरासरी फरक 40 डेसिबल. डावा कान 11 डेसिबलवर, म्हणजे चांगला.

नुसत्या छिद्राने एवढा फरक पडत नाही. लहान-मध्यम छिद्रामुळे साधारण 20 ते 30 डेसिबलची घट होते, आणि ती मुख्यतः खालच्या स्वरांत. वर 4000 हर्ट्झकडे जावे तसा छिद्राचा परिणाम कमी होत जातो. इथे उलट 4000 लाच फरक 45 चा आहे. फरक 30-35 च्या वर गेला आणि वरच्या स्वरांतही टिकून राहिला, की हाडांची साखळी तुटली किंवा अडकली असे धरूनच पुढे जावे.

कारण भौतिकशास्त्रात आहे. पडद्याचा प्रत्यक्ष हलणारा भाग साधारण 55 चौरस मिलिमीटर, रिकिबीचा पाया साधारण 3.2 चौरस मिलिमीटर. दाब त्यामुळेच 17 पट होतो. हातोडी-ऐरणीच्या तरफेचे आणखी 1.3 पट. एकूण 22 पट, म्हणजे सुमारे 27 डेसिबलचा लाभ. साखळी तुटली की हा लाभ जातोच, शिवाय पडदा पूर्ण असेल तर तो आवाजाच्या वाटेत भिंत बनून उभा राहतो आणि घट 60 डेसिबलपर्यंत जाऊ शकते. छिद्र असेल तर थोडा आवाज थेट आत पोहोचतो, म्हणून तुटलेल्या साखळीचा कान छिद्रासकट थोडा बरा ऐकतो.

यावरूनच पॅच चाचणी निघाली. छिद्रावर पातळ कागदाचा तुकडा बसवून पुन्हा ऑडिओग्राम काढायचा. ऐकू येणे सुधारले तर साखळी शाबूत. सुधारले नाही किंवा आणखी बिघडले, तर तुटलेली. या कानात 500 हर्ट्झचा उंबरठा 50 वरून 60 वर गेला. शस्त्रक्रियेत नुसता पडदा शिवला असता तर पालकांना हेच मिळाले असते: कान कोरडा, पण ऐकू येणे आधीपेक्षा कमी. पडदा बसवला आणि बहिरेपण वाढले, या तक्रारीमागे अनेकदा हेच न पाहिलेले कारण असते.

एक सावधगिरी. कधी पडदा आत खेचला जाऊन थेट रिकिबीच्या डोक्याला चिकटतो. ऐरण झिजलेली असूनही आवाज पडद्यातून रिकिबीत जातो आणि ऑडिओग्राम फसवा चांगला येतो. म्हणून चांगला ऑडिओग्राम हा साखळी अखंड असल्याचा पुरावा नव्हे.

स्कॅनमधले दोन वेगळे इतिहास

टेम्पोरल बोनचा, म्हणजे कानाभोवतीच्या हाडाचा, एचआरसीटी (बारीक छेदांचा सीटी स्कॅन), अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच्या छेदांनी. साध्या पडद्याच्या छिद्राला स्कॅनची गरज नसते. इथे साखळी तुटल्याचा संशय आणि लहान वय, म्हणून केला.

वरच्या कप्प्यात हातोडीचे डोके आणि ऐरणीचा मुख्य भाग मिळून जो आकार दिसतो त्याला रेडिओलॉजिस्ट आइस्क्रीम कोन म्हणतात. तो दोन्ही बाजूंना सारखा. उजवी-डावीकडच्या आकारात, जाडीत काही फरक नाही. या हाडांची वाढ आजारपणाच्या आधीच संपलेली होती, हे इथे दिसते. गर्भात 16 व्या आठवड्याच्या सुमारास त्यांच्या कूर्चेचे हाड होऊ लागते आणि गर्भावस्थेतच ती पूर्ण आकाराला पोहोचतात. जन्मानंतरची पहिली दोनेक वर्षे हातोडी-ऐरणीच्या आत मज्जा असते, मग आतून घट्ट हाड तयार होते. इतकाच बदल उरतो.

खालच्या छेदांत मात्र उजव्या ऐरणीच्या लांब दांड्याचा शेवटचा भाग गायब. रिकिबीच्या कमानी शाबूत. चेहऱ्याच्या नसेची हाडी नळी, मेंदूखालचे छत, अर्धवर्तुळाकार नलिका सगळे अखंड.

आता मॅस्टॉइड. जन्माच्या वेळी तिथे अँट्रम ही एकच मोठी पोकळी असते. हाडाचा कानामागे हाताला लागणारा उंचवटाही नसतो, त्यामुळे तान्ह्या बाळात चेहऱ्याची नस तिथे धोकादायकरीत्या उथळ असते. पहिल्या काही वर्षांत अँट्रमच्या अस्तराला फुटवे फुटून ते मज्जेत शिरतात आणि हवेच्या लहान लहान पोकळ्या होत जातात. सहाव्या वर्षापर्यंत हा वेग सर्वाधिक, पुढे कमी होत तारुण्यापर्यंत. मुलीच्या डाव्या बाजूला या पोकळ्या टोकापर्यंत भरलेल्या दिसल्या. उजवीकडे लहानसा अँट्रम, त्याच्याभोवती दोन-चार पोकळ्या, बाकी सगळे घट्ट पांढरे हाड. मेंदूखालचे छत खाली उतरलेले, सिग्मॉइड शीर (मेंदूतले रक्त परत नेणारी मोठी शीर) पुढे सरकलेली.

लहान मॅस्टॉइड हे आजाराचे फळ की आजाराचे मूळ, हा वाद जुना आहे. कानतज्ज्ञ विटमाक यांनी 1918 मध्ये मांडले की तान्हेपणीच्या दाहामुळे अस्तराची फुटवे काढण्याची ताकदच जाते. दुसरे कानतज्ज्ञ डियामांट यांनी 1940 मध्ये प्रतिपादले की मॅस्टॉइडचा आकार मुळात आनुवंशिक असतो आणि लहान मॅस्टॉइडच्या कानालाच आजार जास्त गाठतो. एकाच डोक्यातल्या दोन बाजू इतक्या वेगळ्या असतील, आजार फक्त एका बाजूला आणि पहिल्याच वर्षी सुरू झालेला असेल, तर आमचा कल विटमाक यांच्याकडे जातो. एका प्रकरणाने वाद मिटत नाही हे खरेच. पण दोन्ही मतांत एक दुवा समान आहे: पोकळ्या कमी म्हणजे हवेचा साठा कमी. नलिका थोडी बंद पडली तरी अशा कानात दाब झपाट्याने उणे होतो, पडदा आत ओढला जातो, पाणी साचते. आजाराने मॅस्टॉइड खुंटते आणि खुंटलेले मॅस्टॉइड आजार टिकवते.

ऐरणीचा दांडाच का झिजतो

तिन्ही हाडांत सर्वाधिक वेळा झिजतो तो ऐरणीचा लांब दांडा, त्यातही रिकिबीजवळचे टोक. दांडा बारीक, पोकळीत उघडा लोंबणारा, त्यावर पातळ अस्तर. टोकाकडे रक्तपुरवठा तोकडा असतो हे कारण पूर्वीपासून सांगितले जाते. पडदा आत ओढला गेला की तो सर्वांत आधी याच टोकावर येऊन बसतो. आणि कारण यांपैकी काहीही धरले तरी हाड प्रत्यक्ष खाणाऱ्या पेशी त्याच: दाह चालू राहिला की टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-1 यांसारखी रसायने सुटतात, ती ऑस्टिओक्लास्ट पेशींना जागे करतात आणि त्या हाड विरघळवतात. कोलेस्टिटोमा असावाच लागतो असे नाही. साध्या, वास नसलेल्या, 'सुरक्षित' म्हणवल्या जाणाऱ्या वाहत्या कानातही हे होते. सुरक्षित हे विशेषण मेंदू आणि चेहऱ्याच्या नसेपुरते आहे, ऐकण्यापुरते नव्हे.

झिजलेल्या टोकाच्या जागी कधी फक्त तंतूंचा पूल उरतो. खालचे स्वर त्यातून जातात, वरचे जात नाहीत. उलट प्रकारही आहे: चुना साठून हातोडी-ऐरण वरच्या कप्प्यात जखडली जातात. तिथे हाड पूर्ण असते, हलत नाही इतकेच.

वाटेत कुठे अडवता आले असते

दहाव्या महिन्यात. आडवे झोपवून बाटलीने दूध पाजणे बंद, आणि कान फुटल्यावर औषधाचा पूर्ण कोर्स. अमॉक्सिसिलिन दिले तर दर किलो वजनाला दिवसाला 80 ते 90 मिलिग्रॅम, विभागून. दुखणे थांबले म्हणजे संसर्ग संपला असे नसते, पडदा फुटून दाब सुटल्याने दुखणे थांबते. न्यूमोकॉकल लस भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात 2017 पासून टप्प्याटप्प्याने आली आणि 2021 मध्ये देशभर पोहोचली: सहावा आठवडा, चौदावा आठवडा, नववा महिना. या मुलीच्या वयाच्या मुलांना ती सगळीकडे मिळालेली नाही, धाकट्या भावंडांना मिळते आणि ती चुकवू नये.

चौथ्या-पाचव्या वर्षी. ही हुकलेली संधी सर्वांत मोठी. हाक न ऐकणारे, घोरणारे मूल म्हणजे पडद्यामागे पाणी साचल्याची शक्यता. टिंपॅनोग्राम (पडदा किती हलतो याची चाचणी) आणि ऑडिओग्राम दोन्ही हवेत. पाणी तीन महिने टिकले आणि ऐकणे 25-30 डेसिबलपर्यंत उतरले असेल तर ग्रोमेट (पडद्यात बसवायची हवेची इवली नळी), आणि ॲडिनॉइड (नाकामागच्या गाठी) मोठे असतील तर ते काढणे. ग्रोमेट साधारण सहा ते बारा महिन्यांत आपोआप पडतो. मॅस्टॉइड झपाट्याने वाढायच्या त्या वर्षांत कानाला हवा मिळाली असती. ग्रोमेटने खुंटलेले मॅस्टॉइड नक्की वाढते असे म्हणता येत नाही, पण सतत ओढला जाणारा पडदा ऐरणीवरून सुटतो, हे नक्की.

तेलाबद्दल स्पष्ट सांगावे लागते. भोक असलेल्या कानात तेल, लसणाचा रस, पेरॉक्साइड, काहीही घालू नये.

कान कोरडा करणे

शस्त्रक्रियेआधी कान निदान सहा आठवडे कोरडा असणे चांगले. घरी करायची पद्धत आईला हातात देऊन दाखवावी, नुसती सांगून चालत नाही. स्वच्छ मऊ सुती कापडाची किंवा भक्कम टिश्यूची वात वळावी, कानात ठेवावी, ओली झाली की काढून नवी. वात कोरडी निघेपर्यंत. दिवसातून तीनदा. काडीला गुंडाळलेला कापूस नको. वातीनंतरच सिप्रोफ्लॉक्सासिनचे तीन-चार थेंब, मूल कुशीवर, आणि कानापुढची कूर्चेची चकती बोटाने चार-पाच वेळा दाबायची म्हणजे औषध छिद्रातून आत जाते. दोन आठवडे. पुवात औषध टाकले तर ते पुवातच राहते, औषध लागू पडले नाही अशा तक्रारींत बहुतेक वेळा चूक इथेच असते. छिद्र असताना जेंटामायसिनसारखे थेंब टाळावेत, ते अंतःकर्णाला विषारी ठरू शकतात. थेंब महिनोन्महिने चालवले तर बुरशी येते. कान खाजू लागला, आत काळे-पांढरे दिसले तर थेंब थांबवावेत. अंघोळीला व्हॅसलिन चोळलेला कापसाचा बोळा, विहिरीत-नदीत पोहणे बंद.

शस्त्रक्रिया

11 व्या वर्षी नलिका प्रौढ झालेली, डावा कान निरोगी, म्हणजे नलिका काम करते असे मानायला जागा आहे. पूर्ण भूल, कानामागून छेद, टेम्पोरॅलिस या कानशिलाच्या स्नायूवरचे पातळ आवरण पडद्यासाठी. संमती घेताना तीन धोके नावाने सांगावेत: अंतःकर्णाचे बहिरेपण, चेहऱ्याची नस आणि जिभेची चव. चवीची बारीक नस हातोडी आणि ऐरणीच्या मधूनच जाते आणि ताणली तर काही महिने धातूसारखी चव राहते.

कोरड्या कानात मॅस्टॉइड सरसकट कोरण्याचा आग्रह आम्ही धरत नाही. त्यातून पडदा जास्त टिकतो असे ठोस दिसलेले नाही, आणि घट्ट हाडात, खाली उतरलेल्या छताखाली ड्रिल चालवण्याचा धोका मात्र खरा असतो.

आत गेल्यावर आधी रिकीब हलते का ते हलक्या स्पर्शाने पाहावे. झिजलेल्या हाडांच्या ऑस्टिन यांच्या वर्गीकरणात हा 'ए' प्रकार: हातोडीचा दांडा आहे, रिकीब आहे, ऐरण निकामी. हाच सर्वाधिक आढळतो आणि यातच निकाल चांगले येतात. दांड्याचे फक्त टोक, एक-दीड मिलिमीटर गेले असते तर बोन सिमेंटने सांधता आले असते. इथे जास्त गेले होते, म्हणून ऐरण काढून तिलाच घडवले. एक मिलिमीटरच्या हिऱ्याच्या बरने (ड्रिलच्या टोकाने), पाण्याच्या धारेखाली, एका टोकाला रिकिबीच्या डोक्यासाठी साधारण एक मिलिमीटर रुंदीचा खळगा आणि दुसऱ्या बाजूला हातोडीच्या दांड्यासाठी खाच. कोलेस्टिटोमा असता तर रुग्णाची ऐरण पुन्हा वापरली नसती, टायटॅनियमचा पीओआरपी (पडदा आणि रिकीब जोडणारे कृत्रिम हाड) बसवला असता. धातू थेट पडद्याला टेकवला तर तो बाहेर येतो, त्यामुळे मध्ये कानाच्या चकतीतली अर्ध्या मिलिमीटरची कूर्चा ठेवतात.

बिघडते ते लांबीत. तुकडा लांब झाला तर रिकिबीवर ताण येतो, आखूड झाला तर महिन्याभरात सरकतो. मागच्या हाडी भिंतीला किंवा चेहऱ्याच्या नसेच्या नळीला टेकला तर तिथेच हाडाने जोडला जाऊन अडकतो. चारी बाजूंनी फट असल्याची खात्री करूनच जेलफोम (आधार देऊन नंतर विरघळणारा स्पंज) भरावा.

नंतर

तीन आठवडे नाक जोरात शिंकरायचे नाही, शिंक तोंड उघडून. पाणी तीन महिने नाही. पहिला ऑडिओग्राम तिसऱ्या महिन्यात: 25, 20, 20 आणि 30, सरासरी 24 डेसिबल. हाडातले उंबरठे होते तिथेच, म्हणजे उरलेला फरक 18 च्या आत. 20 डेसिबलच्या आतला फरक यश मानतात. वर्गात डावा कान शिक्षकांकडे राहील असे उजवीकडचे बाक तिच्यासाठी कायमचे पक्के ठेवले.

मॅस्टॉइड बदलणार नाही. हवेचा साठा कमीच राहणार, म्हणून नवा पडदा पुन्हा आत ओढला जातो का हे सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, नंतर दर सहा महिन्यांनी पाहावे, आणि दर वर्षी ऑडिओग्राम. फरक हळूहळू वाढला तर पडदा ओढला जातोय किंवा तुकडा अडकतोय. एका सर्दीनंतर अचानक वाढला तर तुकडा सरकलाय. कानामागे सूज, तीव्र डोकेदुखी आणि ताप, चक्कर किंवा चेहरा वाकडा झाला तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात.